परिचारिकेचा जादा तास

एके काळीं जी पुणें शहराची दक्षिण वेस होती त्या स्वारगेटच्या चौकांत पहाटे सहाच्या सुमारास जो कोणी घटकाभर उभा राहील, त्याला शहराच्या दोन पाळ्या एकमेकींजवळून जातांना दिसतील. सातारा-कोल्हापुराकडून रात्रभर धांवून आलेल्या एस्‌टीच्या गाड्यांतून माणसें उतरत असतात, कात्रजकडच्या बसगाड्या भरत असतात, आणि २०२४ च्या सप्टेंबरपासून जमिनीखालून आलेली मेट्रोहि तेथेंच येऊन थांबते. दिवसाच्या कामाला निघालेल्या या गर्दीच्या उलट दिशेनें, खांद्याला डब्याची पिशवी अडकवून, चुरगळलेल्या ओढणीवर स्वेटर चढवून, रात्रीचें काम आटोपलेल्या कांहीं बायका येत असतात. इस्पितळाचा पोषाख रस्त्यावर सहसा दिसत नाहीं. तो पिशवींत घडी करून ठेवलेला असतो. तरी चालण्याच्या लगबगीवरून त्या परिचारिका आहेत हें ओळखतां येतें. त्या सगळ्या आतां घरीं जाऊन झोंपणार असा पाहणाऱ्याचा समज होतो. आमचाहि होता.

तो समज आमच्याच घरांत खोटा ठरला. आमच्या आत्याबाई न्हाणीघरांत पाय घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें. इस्पितळांतून घरीं आणल्यावर रात्रीसाठीं एक परिचारिका ठेवावी लागली. ती ज्या ब्यूरोमार्फत आली त्याच्या माणसाशीं आम्हीं दर रात्रीच्या दरावरून घासाघीस केली, पन्नास रुपये कमी करून घेतले आणि मोठा व्यवहार साधल्याच्या आनंदांत राहिलों. पहिल्याच आठवड्यांत एका रात्रीं पाणी प्यायला उठलों तों पाहिलें, कीं बाई खुर्चींत बसल्या बसल्या झोंपली आहे, आणि तिचा हात मात्र आत्याबाईंच्या मनगटावर तसाच आहे. आम्ही कांहीं बोलणार तोंच आत्याबाईंनीं ओठांवर बोट ठेवलें. "उठवूं नकोस तिला," त्या कुजबुजल्या, "सकाळपासून इस्पितळांत उभी होती ती."

म्हणजे आम्हीं जी रात्र विकत घेतली होती ती तिची दुसरी पाळी होती. पहिली एका खासगी इस्पितळांत संपवून ती आमच्याकडे येत असे आणि सकाळीं आमच्याकडून निघून पुनः तिकडे जात असे. झोंप आठवड्यांतून दोन रात्री, आणि बाकीच्या दिवशीं बसमध्यें. "मुलीची कॉलेजची फी आहे, काका," एवढेंच तिनें सांगितलें. त्यांत तक्रार नव्हती, पण संकोच होता, आणि तोच आम्हांला खटकला. गिरणींतला कामगार जादा तास भरतो तेव्हां तो तें उजळ माथ्यानें सांगतो. कचेरींतला कारकून वर्षाअखेर हिशेबाला थांबला तर ओव्हरटाइमचें बिल तो सर्वांसमक्ष भरतो. परिचारिकेनें जादा पैशासाठीं जादा काम केलें ही गोष्ट मात्र तिनें लपवावी आणि आपण न पाहिल्यासारखें करावें, असें कां व्हावें? या प्रश्नाचा मागोवा घेतां घेतां आम्ही मागें गेलों तों पुनः स्वारगेटलाच येऊन पोंचलों.

स्वारगेट हें नांव घोडेस्वारांच्या चौकीवरून पडलें असें सांगतात. त्या चौकीची आतां खूण उरलेली नाहीं. पण या जागेचा दुसरा एक इतिहास आहे, आणि तो गाड्यांच्या वर्दळींत पार बुजून गेला आहे. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगनें थैमान मांडलें तेव्हां रोग्यांच्या घरच्या माणसांना वेगळें ठेवण्याकरितां सरकारनें जी छावणी उभारली ती स्वारगेटजवळ, शंकरशेट रस्त्यावर होती. रोग्यांसाठीं सरकारी इस्पितळ संगमाच्या पुलापाशीं होतें. त्याखेरीज हिंदू, मुसलमान व पारशी समाजांनीं आपापलीं इस्पितळें चालविलीं. रँडच्या कमिटीचें काम १३ मार्चला सुरू झालें आणि १९ मेला संपलें. सोजिरांनीं घरांत शिरून घेतलेल्या झडत्या आणि २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनीं झाडलेल्या गोळ्या आमच्या वाचकांस पाठ आहेत, म्हणून त्यांची पुनरुक्ति करीत नाहीं. आम्हांला विचारावयाचें आहे तें एवढेंच, कीं त्या खाटांच्या उशाशीं रात्रभर कोण बसलें?

विलायतेहून प्लेगच्या कामासाठीं म्हणून कांहीं गोऱ्या परिचारिका त्या काळांत हिंदुस्थानांत पाठविण्यांत आल्या. परंतु त्या किती पुऱ्या पडणार! आपल्याकडे दुखणाइताची शुश्रूषा ही घरच्या बायकांची. ती पगार घेऊन करावयाची गोष्ट आहे ही कल्पनाच नव्हती. बाळंतपणाला सुईण येई आणि तिला लुगडें-नारळ मिळे. बाकीचें सारें आई, बायको, विधवा बहीण किंवा सून यांच्या अंगावर. प्लेगनें पहिल्यानेंच असा प्रसंग आणला, कीं घरचीं माणसें छावणींत आणि रोगी इस्पितळांत. शुश्रूषा घरापासून तुटली ती त्या दिवशीं.

त्या सालानें महाराष्ट्रापुढें शुश्रूषेचे दोन आदर्श ठेवले. दोघेहि त्या शुश्रूषेंतच गेले. एक सावित्रीबाई फुले. त्यांचा मुलगा यशवंत लष्करांत डॉक्टर होता; त्याला बोलावून घेऊन त्यांनीं हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यांत दवाखाना उघडला, आणि मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घालून त्यांनीं तेथें आणल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. त्यांतच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजीं त्या निवर्तल्या. रँडच्या कमिटीचें काम सुरू व्हावयास त्या वेळीं तीन दिवस उरले होते. दुसरे नारायण मेघाजी लोखंडे. पुणें जिल्ह्यांतल्या या सत्यशोधकानें मुंबईच्या गिरणीकामगारांची पहिली संघटना बांधली, आणि १८९० च्या जूनमध्यें त्यांना रविवारची सुटी मिळवून दिली. मुंबईंत प्लेग आला तेव्हां तेहि रोग्यांच्या सेवेंत उतरले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं त्याच रोगानें गेले. ज्या माणसानें कामगाराला आठवड्याची विश्रांति मिळवून दिली तो स्वतः विश्रांति न घेतां शुश्रूषा करीत मेला, या योगायोगापाशीं आम्ही पुष्कळदां थबकतों. अशीं उदाहरणें समाजाला उंच नेतात यांत शंका नाहीं. पण त्यांची एक सांवलीहि पडते. जेथें आदर्श प्राण देण्याचा, तेथें पगाराची भाषा कोण काढणार? आणि जादा तासाची तर त्याहून नाहीं.

ही सांवली पुढें एका शब्दांत येऊन बसली. तो शब्द सेवा. १९०९ सालीं रमाबाई रानडे यांनीं पुण्यांत सेवासदन काढलें. गोपाळ कृष्ण देवधर त्यांचे उजवे हात होते. ससून इस्पितळ डेव्हिड ससूनच्या देणगींतून १८६७ सालींच उघडलें होतें, पण त्यांतल्या खाटांमधून पांढरपेशा घरची हिंदु स्त्री परिचारिका म्हणून फिरेल हें कोणाच्या स्वप्नांतहि नव्हतें. मुंबईस काशीबाई गणपत नांवाच्या बाई १८९१ सालीं या शिक्षणासाठीं पुढें आल्या, हें खरें; पण तसें धैर्य विरळा. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावावयाचा, जातगोत न पाहतां मलमूत्र काढावयाचें, आणि सर्वांत कठीण म्हणजे रात्र घराबाहेर काढावयाची! या तिन्ही गोष्टी ज्या समाजाला अशक्य वाटत त्याच समाजांतल्या विधवांना रमाबाईंनीं ससूनमध्यें परिचारिकेचें शिक्षण मिळवून दिलें आणि त्यांच्या राहण्याची सोय केली. त्यासाठीं त्यांना किती घरांचे उंबरे झिजवावे लागले असतील याची कल्पनाच केलेली बरी.

या दरवाज्याची किल्ली त्यांना 'सेवा' या शब्दांत सांपडली. नोकरी म्हटलें असतें तर एकहि दार उघडलें नसतें. सेवा म्हटल्याबरोबर सासरे, दीर, भाऊ यांना आपल्या घरची विधवा पोटासाठीं बाहेर जात आहे असें वाटण्याऐवजीं ती पुण्यकर्माला जात आहे असें वाटूं लागलें. विधवेला तांबडें लुगडें आणि माजघराचा कोपरा एवढेंच आयुष्य जेथें होतें, तेथें तिच्या हातांत स्वतःचा पगार आला. ही लहान क्रांति नव्हे. रमाबाईंना दोष देण्याचें आमच्या मनांतहि येत नाहीं. त्या जागीं दुसरा शब्द चालला नसता. परंतु किल्ली जशी दार उघडते तशी लावतेहि. पुण्यकर्म करणारीनें रात्रीचे दोन तास अधिक झाले म्हणून हिशेब मागावा, हें त्या शब्दांत बसत नव्हतें. सेवेला घड्याळ नसतें, असें आपण कौतुकानें म्हणतों. इस्पितळाच्या चालकांनाहि तें सोयीचें असतें.

ही गोष्ट आपल्याच देशांत घडली असें मात्र नाहीं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं १८६० सालीं लंडनला परिचारिकांची शाळा काढली, तिच्यावरहि धर्मभावनेची आणि लष्करी शिस्तीची छाया होतीच. अमेरिकेंतल्या कॅलिफोर्निया प्रांतानें स्त्रियांच्या कामाला दिवसाचे आठ तास ही मर्यादा घातली आणि १९१३ सालीं ती इस्पितळांतल्या शिकाऊ परिचारिकांना लागू केली. इस्पितळवाल्यांनीं तिच्याविरुद्ध तेथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत धांव घेतली. १९१५ सालीं न्यायालयानें कायदा कायम केला. गंमत अशी, कीं शिक्षण पुरें झालेल्या परिचारिकेला त्या कायद्यांतून वगळलें होतें. शिकणारीला आठ तास आणि शिकलेलीला मर्यादा नाहीं! प्रमाणपत्र मिळालें त्या दिवशीं तिचा थकवाहि संपला, असें कायदेकर्त्यांना वाटलें असावें.

आपल्याकडचा विरोधाभास त्याहून ठळक आहे. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यानें गिरणींतल्या बायकांचा दिवस अकरा तासांवर आणला आणि सामान्यतः रात्रीचें काम त्यांना मना केलें. रात्रीं बायकांना राबवूं नये हें सरकारला आणि समाजाला तेव्हांपासून पटलेलें होतें. फक्त त्या बायका गिरणींतल्या होत्या. त्याच मुंबईंत कामा इस्पितळ १८८६ पासून चालूं होतें, आणि त्याच्या खाटांपाशीं कोणत्या कायद्यानें रात्र उजाडत होती? पुढें १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानें आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरविले आणि त्यापुढच्या प्रत्येक तासाला दुप्पट दर बांधून दिला. म्हणजे औषधाच्या कारखान्यांत बाटल्या भरणारा कामगार जादा तासाचा दुप्पट पैसा हक्कानें मागूं लागला. तेंच औषध पहाटे तीन वाजतां रोग्याला पाजणारी परिचारिका त्या कायद्याच्या बाहेरच राहिली, कारण इस्पितळ हा कारखाना नव्हे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर या धंद्याची स्थिति काय होती, याचा एक आंकडा भोर समितीच्या १९४६ च्या अहवालांत आहे. त्रेचाळीस हजार लोकांमागें एक परिचारिका! मुंबई इलाख्यांत १९३५ सालीं परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला, १९४७ सालीं सबंध देशासाठीं परिषद स्थापन करण्याचा कायदा झाला. पण नोंदणीनें पदवीची प्रत मिळते, हात वाढत नाहींत. हात थोडे आणि रोगी फार, या एका गोष्टींतून जादा पाळीचा जन्म झाला. ती कशी होते तें ज्यानें इस्पितळांत रात्र काढली आहे त्याला सांगावयास नको. सकाळ, दुपार आणि रात्र अशा तीन पाळ्या. त्यांत रात्रीची सर्वांत लांब. दुपारी पाळी बदलण्याची वेळ होते आणि पुढची बाई येत नाहीं. मूल आजारी असतें, गाडी चुकलेली असते, किंवा ती जागाच रिकामी असते. कारकून अशा वेळीं दप्तर बांधून जाऊं शकतो. परिचारिका जाऊं शकत नाहीं. तिच्या हवालीं असलेला रोगी ती कोणाच्या हवालीं करणार? म्हणून ती थांबते. कोणी दांडगाईनें थांबविलेलें नसतें, आणि तिनें आपखुशीनें मान्य केलेलेंहि नसतें. त्या तासांच्या बदल्यांत पुढें केव्हां तरी सुटी मिळेल असें सांगण्यांत येतें, आणि ती सुटी कागदावर सांचत राहते.

ही झाली बिनपैशाची जादा पाळी. पैशाची ती निराळी. ती आपणहोऊन मागितली जाते. त्याच इस्पितळांत दुहेरी पाळी करून, किंवा दुसऱ्या इस्पितळांत, किंवा आमच्यासारख्यांच्या घरीं. सरकारी नोकरींतल्या परिचारिकेला बाहेरचें काम नियमानें मना आहे, म्हणून हा मार्ग मुख्यतः खासगी इस्पितळांतल्या बायकांचा. आणि पगार कमी तोहि त्यांचाच. येथें एक गोष्ट आम्हांला स्पष्ट सांगितली पाहिजे, कीं या जादा कमाईला आम्ही हांव म्हणत नाहीं. मुलीची फी, नवऱ्याचें सुटलेलें काम, गांवाकडचें कर्ज, भाड्याच्या दोन खोल्या, हीं कारणें ज्या घरांत आहेत तेथें चोवीस तासांतले विकतां येण्याजोगे तास विकले जाणारच. पण त्या विक्रींत एक तिसरा माणूसहि गुंतलेला असतो, आणि त्याला कोणी विचारीत नाहीं. २००४ सालीं अमेरिकेंत ३९३ परिचारिकांकडून रोजच्या कामाच्या नोंदी ठेवून घेण्यांत आल्या. तेव्हां असें आढळलें, कीं पाळी साडेबारा तासांवर गेली म्हणजे हातून चूक होण्याचा संभव तिपटीच्या घरांत जातो. परिचारिकेची झोंप स्वस्त मिळाली म्हणून खूष होणाऱ्या गिऱ्हाइकानें हा आंकडा वाचावा. आम्हीं तो वाचला तेव्हां त्या पन्नास रुपयांची आठवण होऊन आम्हांला घाम फुटला.

१९२४ च्या १२ जानेवारीला रात्रीं ससूनमध्यें गांधीजींवर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. वादळामुळें विजेचा दिवा गेला, आणि अखेर कंदिलाच्या उजेडांत ती पुरी करावी लागली. शस्त्रवैद्य कर्नल मॅडॉक यांचें नांव सर्वांना ठाऊक आहे. त्या रात्रीनंतरच्या रात्रीं कोणी जागून काढल्या, हें विचारल्यास पुण्यांतले किती लोक उत्तर देतील? शंभर वर्षांनीं फरक पडला तो एवढाच, कीं निनांवी शुश्रूषेला गजर मिळाला. २०२० च्या ९ मार्चला महाराष्ट्रांतले पहिले करोनाचे रोगी पुण्यांत सांपडले आणि नायडू इस्पितळांत ठेवले गेले. २२ मार्चला सायंकाळीं पांच वाजतां आपण सर्वांनीं गच्चीवर उभें राहून थाळ्या वाजविल्या. आम्हींहि वाजविली. थाळी वाजविणें सोपें होतें.

कायद्यानें या बाबतींत कांहींच केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें इस्पितळ हाहि औद्योगिक कलहाच्या कायद्यापुरता उद्योगच आहे असा निवाडा दिला. १९७७ सालीं जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें परिचारिकांसाठीं स्वतंत्र करार केला. कामाचे तास, जादा कामाचा मोबदला आणि साप्ताहिक विश्रांति यांत त्यांना इतर कामगारांच्या बरोबरीनें धरावें असें त्यांत म्हटलें आहे. हिंदुस्थाननें त्याला मान्यता दिलेली नाहीं. २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्र सरकारनें नेमलेल्या समितीनें खासगी इस्पितळांतल्या पगारांचें प्रमाण सुचविलें: दोनशेंहून अधिक खाटा असतील तेथें सरकारी परिचारिकेइतका पगार, आणि पन्नासांहून कमी खाटांच्या लहान इस्पितळांतहि महिना वीस हजारांहून कमी नाहीं. पुढच्याच वर्षीं महाराष्ट्रानें दुकानें व आस्थापनांचा नवा कायदा केला. त्यांत इस्पितळांनाहि आस्थापनांत घेतलें आणि जादा तासाला दुप्पट दर घातला. सेवेला प्रथमच घड्याळ मिळालें. तें घड्याळ भिंतीवर लावण्याचें काम मात्र सूचना देणाऱ्यांनीं ज्यांच्याकडे सोंपविलें, त्यांनाच त्याचे कांटे मागें ठेवण्यांत फायदा आहे; आणि आमच्यासारख्या घरीं तर कायद्याची भिंतच नाहीं. तेथें दर ठरतो तो ब्यूरोचा माणूस आणि गिऱ्हाईक यांच्या घासाघिशींत, आणि रात्र जागणारी बाई त्या बोलण्यांत हजरहि नसते.

आत्याबाई काठी घेऊन चालूं लागल्या तेव्हां परिचारिकेचें काम संपलें. आम्हीं कॅलेंडर पाहून चाळीस रात्रींचा हिशेब केला आणि पैसे पाकिटांत घालून तिच्यापुढें धरले. तिनें पाकीट घेतलें नाहीं. पिशवींतून एक लहानशी डायरी काढून तिनें तारखा दाखविल्या: रात्री एकेचाळीस होत्या, आणि त्याशिवाय दोन सकाळीं दिवसाची बाई उशीरा आल्यामुळें तिला दीड दीड तास थांबावें लागलें होतें. ते तीन तास तिनें निराळे लिहून ठेवले होते. आम्ही क्षणभर गप्प राहिलों. खरें सांगावयाचें तर, इतकें माणसाळलेल्या बाईनें तीन तासांचे पैसे मागावे याचें आम्हांला थोडें वाईटहि वाटलें. पलंगावरून आत्याबाई म्हणाल्या, "अरे, बघतोस काय? तिचे आहेत ते. दे."

दर किती लावावा, हें विचारावयास आम्ही तोंड उघडलें तों तिनेंच सांगितलें, कीं तीन तासांचे रात्रीच्या दरानें अमुक होतात. आम्हीं तेवढे मोजून दिले. तिनें ते पुनः मोजले, डायरींत तारखेसमोर खूण केली आणि आत्याबाईंना पुढच्या महिन्यांत जिना चढूं नका म्हणून बजावलें. सात वाजून गेले होते. आठला तिची इस्पितळांतली पाळी होती, म्हणून चहा न घेतांच ती स्वारगेटची बस धरायला निघाली.